एकटं पिल्लू मिळणार नाही

फोन उचलताच ती पहिला प्रश्न विचारते : "तुमच्याकडे आधीचा कुणी आहे का?" समोरच्याला वाटतं, बाई कुत्र्यामांजराची चौकशी करतेय. तिला हवी असते जर्बिलची माहिती. आधीचा असेल तर नर की मादी, वय काय, एकटा कधीपासून, जोडीदार मेला की भांडणामुळे वेगळा केला, असे प्रश्न धडाधड येतात. आधीचा नसेल तर ती स्पष्ट सांगते, "मग दोन न्यावे लागतील. एकटं पिल्लू मिळणार नाही." बरेच फोन इथेच आटोपतात.

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका लहान गावात तिचं घर आहे. नाव छापायचं नाही, ही तिची अट. नाव बाहेर पडलं की लोक रात्री दारात खोकं ठेवून जातात म्हणे. मागच्या खोलीत भिंतीला लागून काचेचे टँक मांडलेले. प्रत्येकावर चिकटपट्टीनं लावलेला कागद : अंदाजे जन्मतारीख, नर की मादी, कुणाशी जमतं, कुणाशी फाटलंय. नाव सगळ्यात खाली आणि पेन्सिलीनं, कारण नवीन घरी गेल्यावर ते बदलणारच. खोलीत वास जवळजवळ नाही. मी आंबूस दर्पाची तयारी ठेवून गेले होते. "कोरड्या मुलखातला प्राणी आहे," ती म्हणाली, "पाणी वाया घालवत नाही." दिवसाकाठी मूत्राचे काही थेंब, तेही दाट.

ज्यांनी जर्बिल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. साठ ते शंभर ग्रॅम वजनाचा जीव. मातकट सोनेरी अंग, मागचे पाय लांब, आणि शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब, केसाळ, टोकाला झुपका. उंदराची उघडी शेपटी पाहून ज्यांना शिसारी येते त्यांनाही हा चालतो. घराघरांत याला जागा मिळाली त्यात त्या केसाळ शेपटीचा वाटा मोठा असावा, असं माझं मत आहे. दिवसाही जागा, रात्रीही जागा. मधूनमधून झोप, उठलं की पुन्हा उकरणं. धोका वाटला की मागचे पाय जमिनीवर धपधप आपटतो आणि सगळी मंडळी बिळात गडप होतात. दुकानात तो हॅमस्टरच्या शेजारी ठेवलेला असतो, म्हणून लोक दोघांना एकाच मापानं मोजतात. प्रत्यक्षात दोघांची तऱ्हा उलट आहे. सोनेरी सीरियन हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो. सोबत दुसरा ठेवला तर रक्त निघतं. जर्बिल एकटा ठेवला तर मलूल होतो.

याचं कारण त्याच्या मूळ मुलखात आहे. पाळीव जर्बिल म्हणजे मंगोलियन जर्बिल, मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या गवताळ, अर्धवाळवंटी माळांवरचा. तिथे हिवाळ्यात थंडी हाडं गोठवते आणि महिनोन्महिने जमिनीवर खायला काही नसतं. ग्रेटा ओग्रेन या स्वीडिश संशोधिकेनं चिनी सहकाऱ्यांबरोबर इनर मंगोलियातल्या शिलिनहोतच्या परिसरात यांचा अभ्यास केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोनपासून सतरापर्यंत जनावरांची कुटुंबं, प्रत्येकाची हद्द ठरलेली. पोटावर एक ग्रंथी असते, ती दगडामातीवर घासून हद्दीला वास लावायचा. थंडीचे दाणे सगळ्यांनी मिळून साठवायचे. परका आत आला की हाकलायचा. काचेच्या टँकमध्ये पिढ्यानपिढ्या काढूनही हा स्वभाव तसूभर बदललेला नाही. घरच्यांवाचून करमत नाही आणि परका खपत नाही. जर्बिलला नवीन घर मिळवून देण्याच्या कामातली बहुतेक सगळी डोकेदुखी या एका गोष्टीतून निघते.

पिढ्या तशा फार झालेल्या नाहीत. १८६६ साली आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्यानं उत्तर चीनमधून काही नमुने पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला पाठवले आणि पुढच्या वर्षी आल्फाँस मिल्न-एदवार्स यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर बराच काळ कुणी फिरकलं नाही. १९३५ साली जपानी संशोधकांनी आमूर नदीच्या खोऱ्यातून वीस जोड्या पकडून जपानला नेल्या. त्यांच्या वंशातल्या अकरा जोड्या १९५४ साली व्हिक्टर श्वेंटकर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या प्राणिपैदास केंद्रावर आणल्या. त्यांतल्या पाच माद्या आणि चार नरांपासून अमेरिकेतली सगळी प्रजा वाढली. १९६४ मध्ये तिथून बारा जोड्या ब्रिटनला आल्या. हे सगळं प्रयोगशाळांसाठी चाललं होतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचं कडं जर्बिलमध्ये बहुधा अपुरं असतं, त्यामुळे पक्षाघाताच्या अभ्यासाला तो सोयीचा पडला, अपस्माराच्या अभ्यासालाही. प्रयोगशाळेतून तो घराघरांत गेला, आणि पश्चिमेकडच्या घरांत आज उकरत बसलेले जर्बिल बव्हंशी त्या मूठभर जोड्यांचे वंशज आहेत.

आता रेडिंगजवळच्या एका मराठी घराकडे येते. मूळचं बार्शीकडचं कुटुंब, नवराबायको दोघं संगणकाच्या नोकरीत, मुलगी नऊ वर्षांची. तिला कुत्रा हवा होता. भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही, मांजराला आई तयार नाही, म्हणून तडजोड जर्बिलवर झाली. दुकानातून साताठ आठवड्यांच्या दोन 'बहिणी' आणल्या. दुकानदारानं शेपटी उचलून बघितलं होतं, खात्रीही दिली होती.

एका रविवारी सकाळी मुलीची आजी सोफ्यावर पेपर वाचत बसली होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, या प्राण्यांशी फटकून वागणारी. तिनंच पहिल्यांदा कान टवकारले. "अगं, आत पिल्लं बोलतायत." सून म्हणाली, "आई, दोन्ही बहिणी आहेत." आजी म्हणाली, "असतील. पण पिल्लं आहेत." ज्वारीच्या कणग्यांजवळ आणि खळ्यावर ऐकलेला आवाज ती विसरली नव्हती. कागदाच्या चुऱ्याच्या घरट्यात पाच पिल्लं निघाली.

नर-मादी ओळखण्यातली ही गल्लत अगदी नेहमीची आहे. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त असतं, मादीत कमी. पण हे 'जास्त' आणि 'कमी' म्हणजे काही मिलिमीटरचा मामला, तोही वळवळणाऱ्या पिल्लाचा. दोन पिल्लं शेजारी धरून तुलना केली तर चूक टळते, एकट्याकडे पाहून बोललं तर होते. पाच-सहा आठवड्यांनी नराच्या शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसू लागतो, मग शंका राहत नाही. उलट टोकाला, दीड-दोन आठवड्यांची पिल्लं पूर्ण केसाळ होण्याआधी मादीच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. मिडलंड्सच्या बाईचा भरवसा या खुणेवर जास्त. तिच्याकडे जन्मलेल्या पिल्लांचा हिशेब ती तेव्हाच मांडून ठेवते आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा पडताळून पाहते.

रेडिंगच्या आईनं घाबरून तिला फोन केला तेव्हा तिनं आधी विचारलं, "बाप अजून आत आहे का?" होता. "मग बहुतेक उशीर झालाय."

जर्बिलची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा नराला घेते. गर्भकाळ चोवीस ते सव्वीस दिवसांचा. अंगावर पिणारी पिल्लं असतील तर नवे गर्भ रुजायचे थांबून राहतात आणि दुसरी वीण लांबते; टळत नाही. म्हणून पुढची पिल्लं नको असतील तर नराला प्रसूतीआधीच वेगळं करावं लागतं. पण नर बाप म्हणून वाईट नसतो. मादी खायला बाहेर पडली की तो पिल्लांवर बसून त्यांना ऊब देतो, घरट्याबाहेर घरंगळलेलं पिल्लू ओढून आत आणतो, चुरा रचून घरटं झाकतो. त्याला काढलं तर आईवर सगळा भार, ठेवलं तर महिना-सव्वा महिन्यात आणखी पाच-सहा जण. आणि काही दिवस बाहेर ठेवून परत आत सोडला तर आता तो परका. घरची मादीच त्याच्यावर तुटून पडू शकते. यात धड उपाय कुठलाच नाही, नुकसान कुठलं सोसायचं एवढंच आपल्या हातात. या घरात बापाला त्याच दिवशी बाहेर काढलं, तरी पस्तिसाव्या दिवशी दुसरी वीण झाली. सहा पिल्लं. दोन 'बहिणीं'चे तेरा झाले.

पहिल्या विणीतली पिल्लं मोठी होताना मी त्या घरी जाऊन येऊन होते. जन्मतः पिल्लू तीनेक ग्रॅमचं, गुलाबी, आंधळं, बहिरं, कातडीतून पोटातलं पांढरं दूध दिसावं इतकं पातळ. पहिले काही दिवस घरट्याला हात लावायचा नाही, फक्त पाण्याकडे आणि दाण्याकडे बघायचं, असा फोनवरून हुकूम होता. मुलीनं टँकवर कागद लावला : 'आजी सोडून कुणी डोकावू नये.' आजीला ही सवलत का, ते विचारल्यावर म्हणाली, "आजीला कळतं." सातव्या-आठव्या दिवशी अंगावर मखमल धरली. दुसऱ्या आठवड्यात दात आले आणि पिल्लं डोळे मिटलेलेच सगळ्या टँकभर फिरू लागली. आई एकेकाला तोंडात धरून परत आणायची, ती पाठ वळताच पुन्हा निघायची. सतराव्या-अठराव्या दिवशी डोळे उघडले. त्यानंतरचा आठवडा बघण्यासारखा असतो. चाहूल लागली की सगळी एकदम हवेत उडतात, कुठल्या दिशेनं ते त्यांनाही माहीत नसतं. झाकण नीट लावलेलं हवं.

याच सुमारास ती आईच्या दाण्यात तोंड घालू लागतात. पाण्याच्या बाटलीची नळी मोठ्यांच्या उंचीवर असते आणि पिल्लं तिच्याखाली उभी राहून नुसती वर बघतात. नळी खाली उतरवणं ही इतकी साधी गोष्ट आहे की ती कुणाला सुचत नाही. उथळ वाटी ठेवली तर पाच मिनिटांत ती चुऱ्यानं भरलेली असते. खाण्याचं फार अवघड नाही : बारीक धान्य, राळे, बाजरी, ओट, थोडं गवत, अधूनमधून भाजीचा तुकडा, अंगावर पाजणाऱ्या आईला वर उकडलेल्या अंड्याचा किंवा सुकवलेल्या किड्यांचा घास. सूर्यफुलाच्या बिया मोजून द्यायच्या, कारण त्या मिळाल्या की दुसरं काही खायला ती तयार नसतात आणि लठ्ठ होतात.

हाताळायचं ते डोळे उघडल्यावर, रोज थोडं थोडं. या घरात ते न्हाणीघरात व्हायचं. कोरड्या बाथटबच्या तळाशी टॉवेल अंथरायचा, भोक बुचानं बंद करायचं, मुलीनं पायमोजे घालून आत बसायचं आणि तळहातावर बिया घेऊन हलायचं नाही. गुळगुळीत कडांमुळे पिल्लू बाहेर चढू शकत नाही, घाबरून उडालं तरी टॉवेलवर पडतं. पहिल्या दिवशी एक पिल्लू तिच्या बाहीत शिरलं आणि काखेत जाऊन बसलं. ती पंधरा मिनिटं तशीच, हात आडवा धरून, बाहेर उभ्या असलेल्या आजीला कुजबुजत सांगत होती, "आजी, झोपलंय गं." नऊ वर्षांचं मूल इतका वेळ गप्प बसलेलं मी अन्यत्र पाहिलेलं नाही.

उचलताना एक नियम मोडायचा नाही. शेपटीला धरायचं नाही, टोकाला तर नाहीच. घुबडानं शेपटी पकडली तर कातडी सोलून त्याच्या पंज्यात राहावी आणि आपण निसटावं, अशी निसर्गानं केलेली सोय आहे. ती मुलाच्या चिमटीतही तशीच चालते. उघडं पडलेलं हाड काही दिवसांत वाळून गळतं, शेपटी परत येत नाही. दोन तळहातांच्या ओंजळीत खालून उचलणं, एवढंच शिकवायचं. दुसरी धास्ती झटक्यांची. काही जर्बिलांना दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर नवीन जागेत, नवीन हातांत झटका येतो : कान मागे, अंग ताठ किंवा थरथरतं, नजर गेलेली. घरातले मेला म्हणून रडू लागतात. शांत जागी ठेवलं की बहुधा काही मिनिटांत तो उठून अंग साफ करायला बसतो. पिल्लू नव्या घरी पाठवताना ही गोष्ट मिडलंड्सची बाई तोंडी सांगते आणि कागदावरही देते, कारण पहिला झटका येण्याचा काळ आणि नव्या घरी जाण्याचा काळ साधारण एकच असतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात वाटण्या कराव्या लागतात. आता उशीर केला तर नऊ ते बारा आठवड्यांत पिल्लं स्वतःच वयात येतात. नर नरांत, माद्या माद्यांत, दोघादोघांची जोडी. शस्त्रक्रियेनं नसबंदी करण्याची पद्धत सशांत आहे, एवढ्याशा जिवाला भूल देण्यातला धोका पाहता इथे ती फारशी कुणी अवलंबत नाही. माद्यांचा मोठा गट कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून दोनच बऱ्या. आणि इथेच या कामाला मी सोयरीक म्हणेन : स्थळ बघायचं असतं ते घराचं, पण जुळवायचे असतात दोन जीव, आणि जुळलं की नाही ते काही दिवस एका छपराखाली काढल्यावरच कळतं. सख्खी भावंडं, आठ आठवड्यांच्या आतली, एकत्र गेली तर प्रश्न नसतो. त्याच वयातलं परकं पिल्लूही बहुधा सामावलं जातं. मोठ्या नराला लहान पिल्लू चालतं, पुष्कळदा तो त्याला चाटूनपुसून घेतो. दोन मोठ्यांना एकत्र आणणं मात्र धोक्याचं काम.

त्यासाठी टँक मधोमध जाळीनं दुभागतात. जाळी बारीक, काठांना फट नाही, खालून उकरून जाता येणार नाही अशी बसवलेली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दिवसातून दोन-तीनदा दोघांच्या जागा बदलायच्या. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरट्यात, दुसऱ्याच्या वासात झोपावं लागतं. सगळा व्यवहार नाकाचा आहे. जर्बिलच्या या नाकावर ब्रिटिश गुप्तहेर खात्याचाही एकदा डोळा होता : घाबरलेल्या माणसाच्या घामातलं ॲड्रिनलिन जर्बिल ओळखतात म्हणून हेर पकडायला त्यांना ठेवावं, असा विचार १९७०च्या दशकात एमआय फाइव्हमध्ये झाला होता, हे खात्याचे प्रमुख स्टीफन लँडर यांनी २००१ साली जाहीरपणे सांगितलं. इस्रायलींनी विमानतळावर तो प्रयोग केलाही होता. दहशतवादी आणि विमानप्रवासाला भ्यालेला साधा माणूस यांतला फरक जर्बिलना कळेना, म्हणून बेत सोडून दिला.

मिडलंड्सच्या खोलीत मी दुभागलेला एक टँक बराच वेळ बघत बसले. डावीकडे जोडीदार मेलेला दोन वर्षांचा नर, उजवीकडे सात आठवड्यांचा पोर. पोर जाळीला नाक लावून म्हाताऱ्याला हाका मारल्यासारखा चिवचिवत होता. म्हातारा पाठ करून पुठ्ठ्याची नळी कुरतडत होता, मधूनच येऊन जाळीवर पोट घासून जात होता. "हा मालक कोण ते सांगतोय," ती म्हणाली. तिला वाट बघायची होती ती एका खुणेची : दोघं आपापलं घरटं जाळीला चिकटून बांधतात आणि पाठीला पाठ लावून झोपतात. ते दिसल्यावरच जाळी काढायची, तीही सुट्टीच्या दिवशी, सकाळी, जाड हातमोजे घालून. चाटणं, एकमेकांखाली डोकं घालणं, थोडी रेटारेटी हे चालतं. एकानं अंग फुगवून आडवं वळणं हा इशारा. आणि दोघांचा मिळून एकच गोळा होऊन गडगडू लागला तर क्षणाचाही विचार न करता हात घालायचा, कारण ते खेळत नसतात. तिच्या उजव्या अंगठ्यावर याची जुनी खूण आहे.

जागेच्या बाबतीत माणसाची समजूत इथे फसते. पहिल्यांदा एकत्र आलेल्या जोडीला मोठा, सजवलेला टँक दिला तर ते बिघडतं. दोन टोकांना दोन घरं होतात, दोन हद्दी, आणि आठवड्याभरात युद्ध. म्हणून सुरुवात लहान जागेत, एकच घरटं, एकच बाटली. मग हळूहळू वाढवत न्यायचं. जमल्यावर मात्र हात आखडता घ्यायचा नाही. वीस-तीस सेंटिमीटर खोल चुरा आणि गवत मिसळून दाबून भरलं तर बोगदा टिकतो, नुसता भुसा असला तर ढासळतो. चाक, वाळूचं भांडं, जड दगडी वाटी, जे काही वजनदार असेल ते टँकच्या तळावर किंवा फळीवर टेकवायचं; चुऱ्यावर ठेवलं तर त्याखाली कुणीतरी उकरतं आणि चेंगरतं. चाक भरीव हवं, गजांचं नको, शेपटी अडकते. प्लॅस्टिकचं काहीही दोन रात्रींत फस्त होतं. नटवलेले तारांचे मजली पिंजरे दुकानात छान दिसतात, आतल्याला त्यात उकरायला काहीच मिळत नाही. असे पिंजरे 'जर्बिलसाठी' म्हणून विकायला ठेवणं मला फसवणूक वाटते.

हवा कोरडी लागते. दमट हवेत यांचे केस चिकट होऊन उभे राहतात आणि नाकाभोवती कातडी लाल होऊन सोलते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात ते कसं निभावायचं, हे मला बऱ्याच मराठी आईबापांनी विचारलं आहे, कारण मुलांनी इंग्लंडच्या चुलतभावंडांकडे हे पाहिलेलं असतं. माझं उत्तर एकच असतं : हौस सोडा. पुण्याच्या पुढे, दख्खनच्या कोरड्या हवेत जमेल कदाचित. पण एवढ्याशा प्राण्यावर उपचार करणारा पशुवैद्य मिळायला हवा, तो मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही.

शिवाय आपल्याकडे जर्बिल नाही असं थोडंच आहे. त्याची भारतीय भावकी शेतांच्या बांधांत राहते. हरणासारख्या रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, शेपटीला झुपका असलेला, उड्या मारत पळणारा तो उंदीर आजीनं लगेच ओळखला. "आमच्या ज्वारीत हाच," तिनं जाहीर केलं. "याच्यापेक्षा मोठा. आणि तुम्ही याला विकत आणून दाणे घालताय!" सुगीनंतर त्याची बिळं खणून कातकरी त्यातलं धान्य आणि उंदीर दोन्ही कसे घेऊन जायचे, हे तिनं नातीला इतकं रंगवून सांगितलं की आईला मध्ये पडावं लागलं. रानातल्या प्लेगचे जंतू जिवंत ठेवणाऱ्या प्राण्यांतही या देशी जर्बिलचं नाव आहे, ते मात्र कुणी काढलं नाही. कॅलिफोर्नियात मंगोलियन जर्बिल पाळायला बंदी आहे ती आजीच्याच धोरणानं : निसटून तिथल्या कोरड्या शेतांत स्थायिक झाले तर काय, ही भीती. हवाईतही बंदी आहे. इंग्लंडच्या ओल्या मातीत ती भीती नाही.

अकरा पिल्लांचं पुढे नीट झालं. पहिल्या विणीतले दोन नर बापाबरोबर जाळीच्या टँकमध्ये आठवडा काढून त्याच घरात राहिले, आईजवळ दोन मुली ठेवल्या आणि त्या तिघींना मिडलंड्सला नेलं. बाकी सात जणांपैकी दोन जोड्या आणि एक तिकडी, अर्ज तपासून, टँकचे फोटो मागवून, वेगवेगळ्या घरी गेली. एका अर्जदाराला नकार मिळाला कारण त्याला 'एकच, पण सगळ्यात शांत' पिल्लू हवं होतं. तो बराच भडकला.

यात मला न सुटलेली गाठ एकच दिसते. जर्बिल तीन-चार वर्षं जगतो आणि जोडी एका दिवशी मरत नाही. मागे राहिलेल्याचं काय? त्याला पिल्लू आणलं तर वर्षाभरानं पिल्लूच एकटं पडतं, मग त्याला आणखी एक. साखळी संपत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कळपात राहणाऱ्या प्राण्यांना एकटं ठेवायला कायद्यानं मनाई आहे, आणि तिथे गिनीपिगसाठी उसना सोबती देण्याची सोयही निघाली. मिडलंड्सची बाई म्हाताऱ्या नराला एक नाही तर दोन पिल्लं देते, म्हणजे तो गेल्यावर दोघं एकमेकांना उरतात. युक्ती चांगली, पण शेवटी कुणीतरी एक उरतोच. तिच्या मते तेव्हाही जोडीदार शोधायचाच. मला ते पटत नाही. साडेतीन वर्षांचा, कानाच्या दुखण्यानं मान कलती झालेला नर पुन्हा जाळीच्या टँकमध्ये घालून परक्याच्या वासाशी झगडायला लावणं हे त्याच्यासाठी कमी आणि आपल्या समाधानासाठी जास्त असतं. त्याला त्याच्या जुन्या चुऱ्यात राहू द्यावं आणि घरातल्या माणसांनी जरा जास्त वेळ द्यावा. यावर आमचं चहाचे दोन कप होईपर्यंत वाजलं. तिनं शेवटी एवढं मान्य केलं की साडेतीन वर्षांच्याबद्दल ती माझं ऐकेल, अडीच वर्षांच्याबद्दल नाही.

तिच्या अर्जात शेवटचं कलम याचंच आहे : जोडीतला एक मेला तर दुकानात जायचं नाही, आधी फोन करायचा. रेडिंगच्या घरातल्या प्रतीवर त्या कलमाखाली मुलीनं मोठ्या अक्षरांत सही ठोकली आहे. २००६च्या प्राणिकल्याण कायद्यानं इथे सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि बाई दत्तक देतानाही तीच मर्यादा पाळते. म्हणून खाली आईची सही घ्यावी लागली. आजीनंही मराठीत एक केली आहे, ती कुणी मागितली नव्हती.